नाशिक–गिरणारे–हरसूल–त्र्यंबक–गंगापूर: सायकलवरून आधी डोंगर, मग द्राक्षं (गटसफर – चर्चा आणि वृत्तांत)

उतारकरी

मंडळी,

थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या सायकली नाशिककडे वळतात आणि दर वर्षी तोच कार्यक्रम होतो. गंगापूर रोडने सरळ वाईनरी गाठायची, गच्चीवरून धरणाचा फोटो काढायचा, एखादा ग्लास, एखादा पिझ्झा, की परत. रस्ता जवळजवळ सपाट, दमायच्या आत संपतो. ज्यांना तेवढंच करायचंय त्यांनी खुशाल करावं, त्यासाठी धागा काढायची गरज नाही.

मला यंदा उलट्या बाजूने शिरायचंय. बेत असा:

शनिवार: नाशिक – गिरणारे – वाघेरा घाट – हरसूल – त्र्यंबकेश्वर. साधारण ७५ ते ८० किमी. मुक्काम त्र्यंबकला.
रविवार: त्र्यंबक – अंजनेरी – महिरावणी – आतल्या रस्त्याने गंगापूर धरणाचा परिसर – वाईनरी – नाशिक. ३५ ते ४० किमी, बहुतेक उतार.

वाघेऱ्याला आपण सह्याद्रीची धार ओलांडतो. धारेच्या अलीकडचं पाणी गोदावरीला, पलीकडचं दमणगंगेच्या खोऱ्यात. अलीकडे टोमॅटो, द्राक्षं, शेततळी. पलीकडे भात, नागली, वरई आणि आंब्याखाली बसलेले पाडे. मधलं अंतर सायकलवर तासाभराचं आहे. गाडीतून जाताना हे कळत नाही, काच खाली करेपर्यंत गाव मागे पडतं.

खरा चढ हरसूल ते त्र्यंबक. एकदम उभा नाही, पण संपत नाही. वर-खाली, वर-खाली, आणि तोवर ऊन चढलेलं असतं.

एक अट आधीच सांगतो. वाईन दुसऱ्या दिवशी, शेवटच्या थांब्यावर, सायकली टेम्पोत चढल्यावर. पहिल्या दिवशी थेंब नाही. वाद घालायचा तर इथे घाला, रस्त्यावर नको.

तारीख जानेवारीत कधीतरी. कोण कोण येतंय?

पुणेरी पंप

+१. सव्वीस जानेवारीला जोडून सलग सुट्टी घ्या की. सोमवारी परत यायला निवांत.

घाटवेडी

पंपराव, सव्वीस जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असतो. तुमच्या हिशेबाने आपण दोन दिवस घाट चढून वाईनरीच्या गेटवर झेंडावंदन करणार.

३० जानेवारीलाही बंद. त्याच्या आधीचा एखादा शनिवार-रविवार बघा.

तिसरा गिअर

मी येणार. माझी रोड बाईक आहे, पुढच्या चकत्यांना ५०/३४ दाते, मागच्यांना ११ ते २८. जमेल का?

चाकनादुरुस्त

जमेल, पण गुडघे शिव्या देतील. मागे ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकून घे. आधी तुझा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३२ पेलतो का ते दुकानात विचार, मागचा पिंजरा आखूड असेल तर चेन अडकते. टायर २८ मिमीच्या खाली आणू नकोस. हरसूलच्या बाजूला डांबर बरं आहे, पण वळणांवर खडी येऊन पडलेली असते आणि ती उतारावरच भेटते.

सगळ्यांसाठी: दोन ट्यूब, लिव्हर, पंप, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). "माझी ट्यूबलेस आहे" म्हणणाऱ्यांनीही एक ट्यूब ठेवावी. बाभळीचा काटा ट्यूबलेस बघून थांबत नाही.

मोखाड्याची मावशी

वाचतेय. वाघेऱ्यापेक्षा त्र्यंबक–आंबोली–तोरंगण घाट–मोखाडा का नाही करत? रस्ता जास्त देखणा आहे. आमच्याकडे या, भाकरी मी घालते.

उतारकरी

मावशी, तोरंगण देखणाच आहे, वादच नाही. पण तिकडून वाईनच्या पट्ट्यात परतायला तोच घाट उलटा चढावा लागतो आणि मग मंडळी शनिवारी रात्रीच एसटी शोधायला लागतात. भाकरीचं निमंत्रण मात्र लेखी धरतोय.

सटाणेकर

मला विचाराल तर नाशिक–दिंडोरी–वणी–नांदुरी–सप्तशृंगगड. नांदुरीपासून गडापर्यंत दहा किलोमीटरचा घाट, एकसलग. खरी परीक्षा. आणि जाता-येता दिंडोरी तालुक्यातली द्राक्षं आहेतच. हरसूलला जाऊन काय बघणार?

घाटवेडी

गडाचा घाट मी केलाय, मस्त आहे. फक्त चैत्रोत्सव आणि नवरात्रात तिकडे जाऊ नका. खासगी गाड्या नांदुरीतच अडवतात, वर फक्त एसटी, आणि खान्देशातून पायी येणाऱ्यांची अखंड रांग. त्या गर्दीत सायकल घालणं म्हणजे त्यांना त्रास आणि आपल्याला शाप. जानेवारीत रस्ता मोकळा असतो.

पण "हरसूलला काय बघणार" हे पटलं नाही. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांसाठी जागा केली आहे, मेलेली जनावरं तिथे आणून टाकतात. नशीब असेल तर आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं रस्त्यावरूनच दिसतात. पुण्यात शेवटचं गिधाड कधी पाहिलंत?

बागाईतदार

मी दिंडोरी तालुक्यातला. द्राक्ष करतो, वाईनची नाही, खायची. सायकलवाल्यांना काही गोष्टी सांगतो, राग मानू नका.

रस्त्यावरून जी बाग दिसते ती दहात नऊ वेळा वाईनची नसते. ती थॉमसन, सोनाका नाहीतर काळ्या जातीची, बाजारात आणि परदेशात जाणारी. लोक तिच्यासमोर उभं राहून "वाईन कंट्री" म्हणून फोटो टाकतात, आम्ही बघून हसतो. ओळखायचं कसं? खायच्या द्राक्षाला मांडव असतो किंवा वाय आकाराचा आधार, माणूस खालून चालतो आणि घड डोक्यावर लोंबतात. वाईनची बाग बहुतेक वेळा उभ्या तारांवर, कुंपणासारखी सरळ ओळ, घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला. मणी बारीक, सालं जाड, आत बी. तोंडात टाकलंत तर गोड लागेल, पण दुसरं खाणार नाही.

जानेवारीत खायच्या बागेत घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला दिसेल. थंडीत मणी गुलाबी पडतात, तसा माल निर्यातीला चालत नाही, म्हणून हा उद्योग. एकेक घड हाताने.

विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. फवारणी कधी झालीय ते तुम्हाला माहीत नसतं. आणि निर्यातीच्या बागेत कोणी घड तोडून चाखलेला शेतकऱ्याला खपत नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा.

तिसरा गिअर

बागाईतदार साहेब, हे सोन्यासारखं आहे. वाचनखूण साठवली. मग वाईनच्या द्राक्षांची तोडणी कधी?

बागाईतदार

जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेलीला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, त्यात काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. युरोपात थंडीमुळे वेल झोपते, इथे झोपत नाही, म्हणून कात्रीने सांगावं लागतं. पांढऱ्या जाती आधी निघतात, शेनिन, सोव्हिन्यों. लाल उशिरा. तोडणी पहाटे, गारव्यात, कारण उन्हात तापलेलं द्राक्ष पिंपात जाईपर्यंत आंबायला लागतं.

राईनकाठचा जोशी

जर्मनीतून. आमच्याकडे मोझेलच्या खोऱ्यात रिस्लिंगच्या बागा इतक्या उभ्या उतारावर आहेत की माणसं दोराला धरून काम करतात. ऊन कमी म्हणून उतार लागतो. नाशिकला ऊन भरपूर, तिथे लागतं पाण्याचं नियंत्रण, म्हणून बागा सपाटीला, ठिबकवर. त्यामुळे उतारकरींचा मार्ग मला पटतो. नाशिकला चढ हवा असेल तर द्राक्षं सोडून बाजूला जावंच लागणार.

पुणेरी पंप

ते सगळं ठीक. पण वाईन शेवटीच का? त्र्यंबकला पोचल्यावर संध्याकाळी एक ग्लास घेतला तर कुणाचं काय जातंय? सकाळपर्यंत उतरते.

उतारकरी

पंपराव, एक तर त्र्यंबक तीर्थक्षेत्र आहे, तिथे बाटल्या घेऊन धर्मशाळेत शिरायचं नाही. दुसरं, दिवसभर घाम गाळल्यावर शरीर आधीच कोरडं असतं, त्यावर दारू घातली की झोप तुटते आणि रविवारी पिंडऱ्या आवळतात. तुमच्या पिंडऱ्या आवळल्या की तुमची सायकल मला ढकलावी लागते. हा शुद्ध स्वार्थ आहे.

पुणेरी पंप

मान्य. ओआरएसची पाकिटं आणतो, ती तरी तीर्थक्षेत्रात चालतात ना?

घाटवेडी

बायकांसाठी सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. गिरणाऱ्यानंतर हरसूलपर्यंत पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका. गिरणाऱ्यात थांबून घ्या. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आणि एसटी स्टँड आहे. मधल्या पाड्यांवर एखाद्या घरी सरळ विचारायचं, "ताई, बाथरूम आहे का?" मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट पाणी, गूळ आणि चौकशी, "एवढ्या लांब कशापायी?"

आणि गट एकत्र ठेवायचा असेल तर सगळ्यात हळू माणूस पुढे. मागे ठेवलात की तो बिचारा थांब्यावर पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून निघालेले असतात. त्याला कधी बसायलाच मिळत नाही.

चाकनादुरुस्त

हळू माणूस पुढे, याला माझं जोरदार अनुमोदन. मी पुढे.

(बेत ठरला. पुढचं बोलणं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून). धागा वृत्तांतासाठी उघडा ठेवतोय. – उतारकरी)

उतारकरी

धागा वर काढतोय. जाऊन आलो. वृत्तांत मी आणि घाटवेडी मिळून लिहितोय, जमेल तसा.

पहाटे अशोकस्तंभाजवळ जमलो. गारठा असा की ब्रेकवर बोटं वळत नव्हती. नाशिकच्या सायकलवाल्यांचा एक गट शेजारून गेला, रोजचा सराव. या शहराला सायकलचं वेड तसं जुनं. २०१५ साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, भारतीय संघाने ती पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून इथे डॉक्टर सायकल चालवा म्हणाला की पेशंट दचकतो, नक्की किती लांब ते कळत नाही.

गिरणाऱ्याला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि मला ज्यासाठी हा रस्ता घ्यायचा होता ते समोरच उभं होतं. गिरणारे म्हणजे टोमॅटोचं मोठं गाव, बाजूच्या शेतात कॅरेटचे ढीग. पण सकाळी तिथे माणसांचाही बाजार भरतो. हरसूल, पेठकडून पिकअप आणि जीपा भरभरून येतात. टपावर माणसं, मागच्या फळीवर माणसं. बायका जास्त. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेला डबा, काहींच्या कमरेला छाटणीची कात्री. शेतमालक मोटारसायकलवर येतो, किती जण हवेत ते बोटांवर दाखवतो, मजुरीवर दोन-चार वाक्यांत घासाघीस, की गट निघाला. कुणी टोमॅटो खुडायला, कुणी द्राक्षाला कागद लावायला.

आम्ही चहा पीत होतो. एक बाई माझ्या हेल्मेटकडे बघत शेजारणीला म्हणाली, "हे लोक आपल्याकडं चाललेत, आपण यांच्याकडं आलोय." शेजारीण हसली. मीही हसलो, पण नंतर वाघेऱ्यापर्यंत तेच डोक्यात होतं. आमच्या मार्गाचा नकाशा आणि त्या जीपांचा नकाशा एकच. आम्ही वर, त्या खाली.

घाटवेडी

पुढचं मी.

गिरणाऱ्यानंतर धोंडेगावच्या बाजूला काश्यपी धरणाचं पाणी दिसतं. तिथे फोटोसाठी थांबू नका असं म्हणणं व्यर्थ आहे, सगळे थांबले. मग रस्ता चढायला लागतो. चढ मोठा नाही, पण पंपरावांनी सुरुवातीलाच मोठा गिअर लावला आणि खिंडीपर्यंत बोलणं बंद केलं, ही या सफरीची सर्वात आनंदाची वेळ होती.

खिंडीच्या पलीकडे जग बदलतं. खरंच. पॉलिहाऊस नाहीत, शेततळ्यांचा काळा प्लास्टिक कागद नाही. भात काढून झालेली खाचरं, त्यांत राहिलेली धसकटं, कारवीच्या कुडाची घरं शेणाने सारवलेली. पलीकडे वाघेरा किल्ला. उतारावर चाकनादुरुस्तकाकांनी सांगितलेली खडी बरोबर तिसऱ्या वळणावर वाट बघत होती. कोणी पडलं नाही.

एका पाड्यावर थांबलो. ताईंनी चुलीवर नागलीच्या भाकरी टाकल्या. नागलीचं पीठ ज्वारीसारखं थापून वाढत नाही, कडेला तडकतं. त्या गरम पाण्यात उकड काढून मळत होत्या आणि ओल्या हाताने थापत होत्या, तडा गेला की बोटाने पाणी लावून बुजवायचा. काळपट-लाल भाकरी, वर उडदाची आमटी, ठेचा. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी मुलीच्या वहीत ठेवले.

पाण्याचा विषय निघाला. नाशिक शहरात वर्षाला ७००-८०० मिमी पाऊस, त्र्यंबकच्या डोंगरात २,००० च्या पुढे. तरी एप्रिल-मेमध्ये या पाड्यांवर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरायची वेळ येते. खडक बसाल्टचा, उतार तीव्र, पाणी थांबत नाही. आणि जिथे पाऊस निम्म्याहून कमी तिथे धरणं आणि ठिबकवर बागा डोलतात. ताईंचा नवरा त्या दिवशी दिंडोरीकडे द्राक्षाच्याच कामावर गेला होता.

चाकनादुरुस्त

हरसूलचा किस्सा मी सांगणार, माझा धंदा आहे तो.

हरसूलच्या दोन किलोमीटर अलीकडे तिसऱ्या गिअरची सायकल खड्ड्यात आपटली आणि मागचा हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) वाकला. डिरेलर स्पोकमध्ये घुसायच्या बेतात. माझ्याकडे बाकी सगळं होतं, हँगर नव्हता. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, ज्याचा त्याने ठेवायचा. ढकलत बाजारात आणली. तिथे सायकलचं एक छोटं दुकान, आणि बाहेर मुलींच्या सायकलींची रांग. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्यांच्यावर हे दुकान चालतं. दुकानदाराने अ‍ॅल्युमिनियमचा हँगर आयुष्यात पाहिला नसावा. पण हातात घेऊन डोळ्यासमोर धरला, मोठा पाना लावला आणि अगदी हळू, श्वास रोखून, तीन दाबांत सरळ केला. चौथा दाब दिला असता तर तुटला असता. मी एवढ्या वर्षांत शिकाऊ पोरांना हे सांगून दमलो, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या पाच गिअरवर गाडी त्र्यंबकला पोचली.

तिसरा गिअर

आणि त्या पाचांत ३२ होता, म्हणून मी पोचलो. कॅसेटबद्दल काकांना दंडवत.

शाळेतल्या दोन मुली चढावर माझ्या बाजूने गेल्या, बिनगिअरच्या सायकली, उभ्या राहून पेडल मारत, गप्पा चालू. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नोंद असावी म्हणून लिहितोय.

मोखाड्याची मावशी

फोटो दिसत नाहीयेत. गिधाडं दिसली का?

घाटवेडी

दिसली! हरसूलच्या पुढे, बरीच वर, पंख सरळ पसरून. घार नव्हती, घारीची शेपटी दुभंगलेली असते. तिसरा गिअर म्हणतो गरुड असेल. त्याचं मनावर घेऊ नका, तेव्हा त्याला सगळंच फिरताना दिसत होतं.

उतारकरी

हरसूल–त्र्यंबक फार लिहिण्यासारखं नाही. ऊन, चढ, उतार, पुन्हा चढ. दर पाच किलोमीटरला कुणीतरी "आता संपलं" म्हणायचं आणि ते खोटं निघायचं. ब्रह्मगिरी समोर दिसायला लागला की संपलं, त्याआधी कुणाचं ऐकू नका.

त्र्यंबकला कुशावर्तापाशी गर्दी, दर्शनाची रांग लांब. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सगळीकडे चालू आहेत, त्यामुळे धूळ आणि डंपर. नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर रविवारी सकाळी लवकर निघा, उशिरा निघालात तर भाविकांच्या गाड्या समोरून तीन-तीन ओळींत येतात. आम्ही अंधार सरायच्या आत निघालो. अंजनेरीला नाण्यांच्या संग्रहालयाची पाटी दिसली, बंद होतं. नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे ती, वेळ काढून जायला हवं.

महिरावणीपासून आत वळलो आणि बागाईतदार साहेब मोटारसायकलवर हजर. बोलावलं नव्हतं, आले. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वाईनच्या बागेत आम्हाला उभं केलं.

बागाईतदार

बोलावलं नव्हतं म्हणू नका, "या" असं मोघम म्हणाला होतात. शेतकऱ्याला तेवढं पुरतं.

त्या बागेत सोव्हिन्योंची तोडणी नुकतीच आटपली होती. एका ओळीत राहिलेले चार घड चाखायला दिले, विचारून. पंपरावांनी तोंड वेडंवाकडं केलं, बी दाताखाली आलं. मालकाने रिफ्रॅक्टोमीटर दाखवला, मण्याचा रस काचेवर टाकून उजेडाकडे धरायचा, आत निळी-पांढरी रेघ दिसते, ती बावीस-तेवीस ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) आली की कात्री चालवायची. एक-दोन दिवसांचा फरक, पण वाईनरीची गाडी कधी येणार त्यावरही असतं. तयार होऊन उभं राहिलेलं द्राक्ष कुणाची वाट बघत नाही. खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर शीतगृह आहे, बेदाणा आहे. वाईनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक, करारवाला. म्हणून मी त्यात पडलो नाही.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला मजूर जेवायला बसले होते. घाटवेडीताईंनी विचारलं, कुठले? हरसूलच्या पुढचे.

राईनकाठचा जोशी

हे वाचून बसलोय. इथे तोडणीला पोलंड, रोमानियाहून माणसं येतात. त्यांचाही रस्ता माझ्या सायकलच्या नकाशावर कधी आला नव्हता.

सटाणेकर

वृत्तांत छान, हरसूलबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, अर्धंच. बाकी गड तो गड. आता वाईनबद्दल लिहा की, त्यासाठी एवढा आटापिटा.

उतारकरी

लिहितो. सायकली टेम्पोत चढल्या, पंपरावांनी स्वतः दोर बांधले, कधी नव्हे ती एवढी घाई.

गंगापूर धरणाकाठी आज जे आहे त्याची सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. राजीव सामंत यांनी इथे वाईनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये त्यांच्या सुला वाईनरीची पहिली वाईन बाजारात आली. मग २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, आणि नाशिकभोवती वाईनऱ्या उगवल्या. त्यातल्या काही टिकल्या, बऱ्याच बंद पडल्या.

चाखायला बसलो. चाखणं म्हणजे थोडी थोडी, पाच-सहा ग्लासांत. शेनिन गोडसर, सगळ्यांना आवडली. सोव्हिन्यों ब्लांकचा वास घेऊन तिसरा गिअर म्हणाला, "कच्चा पेरू." वाढणाऱ्या मुलीने मान डोलावली, तोच वास पकडायचा असतो म्हणाली. शिराझ माझ्यासाठी जड. दोन दिवस सायकल चालवून पोट रिकामं होतं, आधी खाल्लं मग प्यायलो, हा क्रम पाळा. शेजारच्या टेबलावर एक मोठा गट भर उन्हात उपाशीपोटी सुरू झाला होता, त्यांच्यातला एक जण गवतावर झोपला तो आम्ही निघेपर्यंत उठला नाही.

किमतीचं बोलायचं तर, चाखण्याच्या एका ट्रेचे पैसे आणि गिरणाऱ्याला ऐकलेली दिवसाची मजुरी यांत फारसा फरक नव्हता. टेबलावर हे मी बोललो आणि थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग घाटवेडीने सांगितलं की ग्लास रिकामा कर, टाकून दिलीस तर आणखी वाईट.

पुणेरी पंप

तो ट्रे मी संपवला, कोणाचं काही वाया गेलेलं नाही. अवांतर: माझी निळी पाण्याची बाटली कुणाच्या पिंजऱ्यात गेलीय का?

मोखाड्याची मावशी

पुढच्या वेळी वाईनरीऐवजी पाड्यावरच्या त्या बाईकडे दोन भाकऱ्या जास्त खा आणि पैसे वहीत न ठेवता हातात द्या. त्या घेतात. दोनदा म्हणावं लागतं.

घाटवेडी

मावशी, नोंद केली. तुमच्याकडेही दोनदा म्हणू का?

मोखाड्याची मावशी

माझ्याकडे एकदाही म्हणू नको, लाटणं आहे घरात.

नवीन सदस्य: पायडल

पहिल्यांदाच लिहितोय. फेब्रुवारीत पुन्हा कोणी जाणार असेल तर मला यायचंय. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे, पुढे तीन, मागे सात. घाट कधी केलेला नाही. आठवड्याला किती चालवली म्हणजे जमेल?

चाकनादुरुस्त

पुढे तीन असलेली हायब्रिड या रस्त्याला उत्तम, रोडीवाल्यांकडे बघू नकोस. महिनाभर आठवड्यातून तीनदा तासभर, आणि रविवारी एकदा पन्नासच्या आसपास. जवळ एखादा पूल किंवा टेकडी असेल तर तिच्यावर लहान गिअरमध्ये बसून चढायची सवय कर, उभं राहून नाही. आणि हँगर विकत घेऊन ठेव.

बागाईतदार

फेब्रुवारीत आलात तर लाल जातींची तोडणी मिळेल. गंगापूर रोडला वाईनवाल्यांच्या उत्सवाचा शनिवार-रविवार टाळा, सायकल काय, बैलगाडी पुढे सरकत नाही. निघण्याआधी इथे लिहा, कोणाच्या बागेत फवारणी नाही ते सांगतो.

उतारकरी

पायडल, नाव लिहून घेतलं. महाशिवरात्र बघून तारीख ठरवू, तेव्हा त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसते. पंपराव, बाटली टेम्पोवाल्याकडे सापडली, तो म्हणतो त्यात ओआरएस होतं, त्याने प्यायलं.